पासंग

डिसेंबरात ग्दान्स्कला साडेतीनलाच अंधारतं.
गोदीमागच्या शाळेत, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी मी मोठ्या माणसांना चित्र शिकवते.
म्हणजे, कागद शिकवते.
चित्राच्या आधी चार कडा असतात
हे कुणाला लवकर पटत नाही.

सगळे मधोमध सुरू करतात.
ओतिलियाबाईंची किटली मधोमध,
टपालातल्या पोराची होडी मधोमध,
खिळ्याला टांगल्यासारखी.
मी सांगते, जरा सरकवा. होडीला जायला पाणी ठेवा,
नजरेला आत यायला एखादं दार.
क्षितिज कागदाच्या बरोब्बर कमरेवर बांधू नका, दोन तुकडे पडतात.
रिकामी जागा आपोआप उरत नसते, राखावी लागते.
सगळे वहीत उतरवून घेतात.
मग पुन्हा मधोमध.

गेर्वाझी काही उतरवून घेत नाही.
एकतीस वर्षं क्रेनवर बसलेला माणूस,
त्याच्या बोटांत पेन्सिल म्हणजे आगकाडी.
तोलाचा धडा आला, मी फळ्यावर तराजू काढला:
जवळचं जड, लांबचं हलकं, तरी दांडी सरळ.
तो पहिल्यांदाच हसला.
"बाई, हे मी रोज पोटात धरून बसायचो.
हात जितका लांब, तितकं ओझं कमी.
नाहीतर आभाळासकट कलंडायचं."

त्या दिवशी त्यानं कोळसा घेतला.
डावी बाजू काळी केली, घासून घासून,
कागदाचे धागे निघेपर्यंत. जहाजाचं पोट असावं.
मग खिडकीशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ.
परत आला आणि उजवीकडे, खाली, पार कडेला,
जिथे काही ठेवू नका म्हणून मी ओरडत असते तिथे,
एक टिंब टेकवलं.
बस्स.

ओतिलियाबाई म्हणाल्या, हे तर पासंगालाही पुरायचं नाही.
मी मागे सरले, डोळे बारीक केले.
कागद हलला नाही.
एवढा काळोख, एका तिळावर तोललेला.

"कोण आहे?" मी विचारलं.
(काय आहे, असं विचारायचं होतं.)
"क्लेओफास. खालून हातांनी खुणा करायचा.
घे. सोड. थांब.
वरून माणूस एवढाच दिसतो.
आवाज पोचत नाही, चेहरा नसतोच.
पण नजर तिथून काढायची नाही."

मग त्यानं टिंबावर अंगठा ठेवला,
आम्हाला दाखवण्यापुरता,
आणि डावीकडचं ते जहाज,
खरंच सांगते,
आमच्या सगळ्यांच्या अंगावर आलं.
टपालातलं पोर खुर्चीसकट मागे सरकलं.

अंगठा उचलला तेव्हा टिंब फासटलं होतं.
त्यानं खोडरबर मागितला नाही.
मीही दिला नाही.

पुढच्या मंगळवारी रंगांचा धडा.
किटली कडेला गेली होती, तोटी अर्धी कागदाबाहेर,
आणि मधोमध
ओतिलियाबाईंनी काहीच काढलं नव्हतं.