झिप

रेवाच्या हातावर पुरळ उठलं तेव्हा
आम्ही आधी ढेकणांना धरलं, मग नव्या साबणाला.
मग एका सकाळी अनगोळच्या आमच्या खोलीत
ऊन तिरकं आलं
आणि गादीवरची हवा चमकली.

ती चमक माझ्या ओळखीची.
एकतीस वर्षं उद्यमबागेत साच्यांची वाळू कुटली.
साचे फोडताना पत्र्याच्या भोकातून ऊन पडायचं,
त्यात असंच काहीतरी तरंगायचं, छान दिसायचं.
कल्लाप्पा हुंदरे म्हणायचा, बग, चांदी पडालीय.
ती चांदी पुढं त्याच्या एक्स-रेत सापडली.

सुनेनं कव्हर धुवायला काढलं होतं.
झिप होती म्हणून उघडली. नाहीतर झिप असते कशाला?
आत दुसरं कव्हर, पांढरं, मोज्यासारखं,
काचेच्या तंतूंचं. आग लागली तर गादी पेटू नये म्हणून.
आग काही लागली नाही.
कडेच्या चिठ्ठीवर मुंगीएवढ्या इंग्रजीत होतं: काढू नका.

तीन दिवस ओल्या फडक्यानं घर पुसलं, मास्क लावून.
फौंड्रीत आम्हाला कुणी मास्क दिला नव्हता.
गादी प्लास्टिकात गुंडाळून दारात उभी केली.
घंटागाडीवाला तिच्याकडं बघून पुढं गेला.

खडेबाजारात मडिवाळप्पाचं दुकान.
'बर्री, कूडर्री,' म्हणाला.
बसायला चारी बाजूंनी गाद्याच.
शांतला गोकाकची, विचारायचं तिच्यावर सोपवलं.
'गाजिन नारु ऐतेन्री वळग?'
नारु म्हणजे धागा, काचेचा धागा, हे तिनं नंतर सांगितलं.
मला आठवला तो आमचा नारू,
पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यालेल्या चुलत्याच्या पोटरीतून
काडीवर रोज बोटभर गुंडाळून काढलेला.
हिसका द्यायचा नाही. तुटला तर आत राहतो.
'इल्लरी,' मडिवाळप्पा म्हणाला. फार लगेच म्हणाला.
म्हणून मी परत विचारलं, मराठीत:
आत काय हाय ते कापून दाखव.

पोरगं विटेएवढा तुकडा घेऊन आलं.
मी वास घेतला. कोपरा चुरला.
मोबाइलच्या उजेडात कापडाचा धागा धरला.
नाही चमकला. सुती.
शिवण चारी बाजूंनी बंद, झिपच नाही.
वास येईल का? 'येणार की. चार दिवस गच्चीवर सावलीत टाका.'
एवढं खरं बोलला, तेव्हा जरा टेकलो.

'मेमरी हाय मामा ह्याला, हात दाबून बगा.'
दाबला. पंजा उमटला, पाची बोटं,
अंगठ्याचं तुटकं पेरसुद्धा.
वाळूत असा ठसा घेतला की तो धरून ठेवावा लागतो
लोखंडाचा रस ओतेपर्यंत. ढासळला तर माल परत.
हा सहा मोजेपर्यंत भरून आला.
'रिजेक्ट,' मी म्हणालो.
कुणी हसलं नाही. कुणाला कळलंच नाही.

शांतला म्हणाली, आडवे व्हा, त्याशिवाय काय कळणार.
भर दुकानात चपला काढून आडवा झालो.
वर पंखा, खाली प्लास्टिकची करकर,
आणि खोकला आला. लांबला.
मडिवाळप्पानं कॅल्क्युलेटर खाली ठेवलं.
पाठ मात्र सुखात होती, खोटं कशाला बोलू.

पाच इंची घेतली, फार मऊ नाही अशी.
वॉरंटी दहा वर्षं.
कार्डावर नाव कुणाचं?
रेवाचं घाल, म्हणालो.

दुसऱ्या गेटात टेंपो अडकला.
मी मागं, गादीला धरून.
मालगाडी संपता संपेना.
हात दाबायचा, उचलायचा, मोजायचं.
कधी सहा भरले, कधी सात.