स्टेशनच्या भुयारात, पंपावर

रुळांच्या खाली माझी खुर्ची.
एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा.
समोर खड्डा, खड्ड्यात पंप,
पंपाला बटण, बटणाला माझा अंगठा.
नोकरी एवढीच.

एका तोंडानं भुयार रिक्षा स्टँडवर उघडतं,
दुसऱ्यानं रामवाडीकडं, मालधक्क्याच्या धुळीत.
मधे एकशे चाळीस पावलं. मोजलीत.
बोद्दूल काकूंची एकशे नव्वद होतात,
डोक्यावर विड्यांची पाटी असली की दोनशे.

मी खड्ड्याकडं बघत असतो,
त्यामुळं माणसं मला गुडघ्याखालीच ओळखीची.
सकाळची पुण्याची गाडी धरणारे बूट.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून सुटलेल्या चपला,
नखांच्या कडेला टॉवेलाचा पांढरा कापूस.
गड्ड्याच्या यात्रेला आलेली एक पोर,
नवे सँडल हातात धरून अनवाणी.
कन्ना चौकात तेलुगू, विजापूर वेशीत उर्दू, बाळीवेशीत कन्नड,
इथं खाली सगळ्यांचं एकच:
"सरक बे, गाडी सुटूलाली!"

भिंतीवर बाण आहे: शहराकडे.
फरशा बदलताना तो चुकीचा बसला,
आता सरळ भिंतीत शिरतो.
मी तीनदा अर्ज दिला.
मग नाद सोडला, कारण
त्या भिंतीतूनच शहर यायचं.

पाणी होऊन.

वर गावात नळ पाच दिवसाआड.
लोक रात्री दोनला उठून घागरी मांडतात,
तोटीला कान लावतात.
आणि इथं, बाणाच्या टोकाशी,
कुठली तरी जुनी पाइपलाइन झिरपायची, रोज, फुकट.
दहा वर्षांत मला तिची बोली कळली.
नुसती ओल: कुठंच पाणी नाही.
करंगळीएवढी धार: मोदीला सुटलंय.
सांध्यातून बुडबुडे: रामवाडी, अर्ध्या तासात.
गढूळ, लोखंडाच्या वासाचं आलं
की समजायचं, सात रस्त्याला कुणीतरी खणलंय.

बोद्दूल काकू पाटी न उतरवता विचारायच्या,
"हत्तरकी, आज येणार का?"
"पावणेअकराला. पिंप धुऊन ठेवा."
एकदाच चुकलो.
नेमकं त्यांच्या नातीचं बारसं.
टँकरचे नऊशे रुपये त्यांनी माझ्या नावावर लिहिले,
अजून लिहिलेलेच आहेत.

हळूहळू हमाल विचारायला लागले, इस्त्रीवाला,
टपरीवरचा इस्माईल तर फोन करायचा.
वर माइक गाड्या सांगायचा,
खाली मी पाणी.
दोघांत कोण वेळेवर, ते विचारू नका.

मार्चमध्ये साहेब आले.
दोन रात्री खणून लाइन बदलली.
चांगलंच केलं, वाईट कसं म्हणू,
किती तरी पाणी वाचलं, पेपरात फोटो आला.
फोटोत मीही आहे. कोपर.

नळ मात्र अजून पाच दिवसाआडच.

भिंत कोरडी झाली.
पंप बटण दाबल्यावर नुसता खोकतो.
काल रात्री सिद्धेश्वर गेल्यावर
मी बाणावर कान लावला.
वर मोकळे डबे एकमेकांना धडकत होते.
त्यापलीकडं काही नाही.
एवढं मोठं गाव, कोणत्या पेठेत काय चाललंय,
मला काही म्हणजे काही माहीत नाही.

आज काकू थांबल्या. पाटी तशीच डोक्यावर.
त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
मग एक हात पाटीवरून काढून
भिंतीला लावून बघितला,
पोराचा ताप बघावा तसा.
"उतरलं की," म्हणाल्या,
आणि निघाल्या,
बाण दाखवत नव्हता त्या बाजूला.