डावा जबडा

चहाच्या गाळणीहून बारीक जाळीची चाळणी,
खाली तसराळं, वर नळ बेताचा सोडलेला.
मनावरच्या पुढल्या गुहेतली माती
पाणी लागताच विरघळते, जणू तिला जायचंच होतं.
मागे उरतात दात.
मोहरीएवढे. काही तर खसखशीएवढे.

इंदूरच्या या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत,
बावीस वर्षं मी हेच करते आहे:
बारीक ब्रश ओठांनी ओला करायचा
(करू नये, माहीत आहे, रेगे मॅडम रोज ओरडतात),
टोकाने दात उचलायचा,
भिंगाखाली उताणा ठेवायचा
आणि त्याच्यावरच्या डोंगररांगा वाचायच्या.

हे सगळं घुबडाचं देणं.
रात्री निघायचं, अख्खा उंदीर गिळायचं,
पहाटे कपारीत बसून
केस, हाडं, जे जे पचलं नाही ते
गोळी करून ओकून टाकायचं.
हजारो वर्षं तीच कपार, बसणारं वेगळं.
बखर म्हणा हवं तर. ओकलेली.

मोजायची रीत सोपी आहे.
एका उंदराला दात सोळा, हाडं शेकड्याने,
पण खालचा डावा जबडा एकच.
म्हणून डावे तेवढे मोजायचे.
सातव्या थरात डावे दोनशे चौदा, जाती अकरा.
चिचुंद्र्याच तीन तऱ्हेच्या,
काटेरी केसांचा रानउंदीर,
गवताच्या काडीवर घर बांधणारा पिटुकला,
माळावरचा लांबशेपट्या,
आणि एक, जो कुठल्याच तक्त्यात बसत नाही.
त्याच्या दाढेवर एक जादा उंचवटा,
एखाद्या गावाच्या नावात जादा काना पडावा तसा.
मॅडमनी अजून नाव दिलेलं नाही. वहीत तो ‘ज’.

सहाव्या थरात ज चाळीस.
पाचव्यात नऊ.
चौथ्यात, जिथे राख लागते आणि करपलेले दाणे,
तिथे एकच. तोही उजवा.
डावा शून्य असेल तर उजवा धरावा, असा नियम आहे.
नियम करणाऱ्यालाही
अशीच जिन्याखालची खोली मिळाली असणार.

तिसऱ्यापासून वर काही नाही.
‘नाही’ लिहायला मॅडम कचरतात.
घुबडाने रान बदललं असेल. तोंडाची चव बदलली असेल.
नाहीतर मीच नळ जास्त सोडला असेल.
म्हणून तिसऱ्याची पोती पुन्हा धुतली, दोनदा,
बोटं पांढरी पडेपर्यंत.

गुहा दाखवणारा भुवानसिंग एकदा पोतं घेऊन आला.
त्याला भिंगाखाली ज दाखवला.
एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिला,
मग म्हणाला, “और ये खाता क्या था?”
बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
त्याला कोणी खाल्लं, एवढंच आम्ही पाहत होतो.

तुलनेसाठी ताज्या गोळ्या हव्या होत्या.
बंद मिलच्या गोदामात घुबड आहे, मला ठाऊक होतं;
बाबा तिथे सूतखात्यात होते.
चौकीदाराने आडनाव विचारून आत सोडलं.
फरशीवर गोळ्या, ओल्या कापसासारख्या करड्या,
आणि त्यांच्यातच हजेरीचा पितळी बिल्ला, आकडा झिजलेला.
तोही पिशवीत टाकला.
नोंदवायचा कुठे, ते कळलं नाही.

ताज्या गोळ्यांत जाती तीन:
घरचा उंदीर, घूस, चिचुंद्री.
आपल्याजवळ राहणं ज्यांना जमलं ते.
डावे एकशे साठ.
घुबडाची तक्रार दिसत नाही.

काल सगळे गेल्यावर
चौथ्या थराची कुपी कानाशी धरून हलवली.
तांदळाचा दाणा डब्यात वाजावा, तेवढाच आवाज.
मग वहीत शाईने लिहिलं, ज: एक.
आणि समासात, पेन्सिलीने,
भुवानसिंगचा प्रश्न.