आवक क्रमांक

आमच्या संस्थेचं दूध सकाळी एकशे ऐंशी लिटर,
संध्याकाळी थोडं कमी.
नदीपलीकडच्या गावात दोन हजार.
संघाच्या निवडणुकीत
त्यांचा एक ठराव, आमचाही एक.
आणि डोंगराकडेला एक संस्था आहे,
तिचा बोर्ड मी पाहिलाय, कॅन कधी पाहिला नाही.
तिचाही एक.

बावीस वर्षं मी फॅट बघतो, बिलं काढतो,
आणि पाच वर्षांतून एकदा
एका माणसाचं नाव लिहितो
सुवाच्य अक्षरात.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर,
खाली गोल शिक्का.
असे कागद जमले की
कोल्हापुरात कुणीतरी चेअरमन होतो.
लोक म्हणतात, वारं फिरलं.
वारं कुठलं?
कागद फिरतात,
गाडीच्या डिकीतून, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून,
एकदा तर गुळाच्या रव्याखालून.

यंदा सभेत पोरांनी हात वर केले
आक्काताई खाड्यांसाठी.
चार म्हशी, रोज एकवीस लिटर,
आणि पाण्याचा थेंब कधी नाही.
"मी काय करू तिथं जाऊन?" म्हणाली,
मग हात पदराला पुसून सही केली.
आडनावातला ड जरा मोठा आला.
तारीख सोळा.
सतराला मी स्वतः कचेरीत देऊन आलो,
आवक क्रमांक चारशे बारा.

वीस तारखेच्या रात्री शाहूपुरीतून फोन.
"ठराव ज्ञानू वरुट्याचा पाहिजे."
म्हटलं, झालाय ठराव, पोचही मिळाली.
पलीकडचा हसला.
"तीनशे अठ्ठ्याण्णव मोकळा आहे."

सरकारी रजिस्टरात
कुणीतरी एक ओळ मोकळी ठेवतं,
पंगतीत उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी
पाट ठेवावा तशी.
एकाच संस्थेचे दोन ठराव आले
तर आधीचा खरा, असा नियम.
नियमाला नावं ठेवायला जागा नाही.
मी प्रोसिडिंग उघडलं. बारा तारीख घातली.
बाराला गावात म्हाई होती,
सगळे मटणाच्या ताटावर.
कागदावर तेच सगळे सभेला हजर.
पोराच्या शाळेची फी भरायची होती, हे खरं,
पण ते कारण नव्हतं.
कारण विचाराल तर
मला नाही म्हणायची सवय नाही.

आक्काताईची सही मीच केली.
ड मोठा काढला.

सुनावणीला ती पहिल्या एसटीनं आली,
डब्यात भाकरी, हातात चारशे बाराची पोच
प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडता.
साहेबांनी कागद पुढं केला,
"बाई, ही सही तुमची?"
तिनं बराच वेळ बघितलं.
मग माझ्याकडं बघितलं.
"अक्षर माझ्यावानीच हाय," म्हणाली,
"तारीख माझी न्हाई."
"तारखेवर कुणाची सही नसते, बाई,"
साहेब म्हणाले, चिडून नाही,
आणि कारकुनाला निकाल सांगायला लागले.
निकाल पुरा व्हायच्या आत ती उठली.
धारेची वेळ गाठायची होती.

तेव्हा ज्ञानू गोव्यात होता,
शंभरभर ठरावधारकांबरोबर थंडगार बसमध्ये.
फोन सगळ्यांचे एका पिशवीत जमा.
त्यानं जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला
आणि बायकोला सांगता आलं नाही.
पुढच्या रविवारी त्याला रांगेत उभं केलं,
खिशात नावांची चिठ्ठी देऊन.
चेअरमन झाला तो कुणाचा,
हे ज्ञानूला अजून नीट माहीत नाही.
मला विचारत होता.

आक्काताई मात्र त्याच दिवशी संध्याकाळी,
सुनावणीच्याच,
नेहमीसारखी रांगेत.
किटली ओतली. सात पॉइंट दोन.
मशीननं चिठ्ठी काढली.
फॅट तिनं बघितलं नाही, दर बघितला नाही,
चिठ्ठी दिव्याखाली धरली.
"तारीख आजचीच हाय न्हवं?"

मागं रांग थांबली होती.