शिरोलीच्या काट्यावर ऐकलेली ओळ

दस्तगीर मुल्लाणी कोअर शॉपमध्ये वाळूचे गाभे करायचा.
मी वजनकाट्यावर, कास्टिंगचे आकडे रजिस्टरात.
रात्रपाळीच्या चहाला
एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या,
वायर इतकी तोकडी
की एकाला खोकला आला तर दुसऱ्याचं गाणं तुटायचं.

बँड इंग्लंडचा. गिरण्या बंद पडलेल्या कुठल्याशा गावचा,
असं दस्तगीर म्हणायचा, त्याला कुणी सांगितलं देव जाणे.
ठोका मशीनचा. आवाज मात्र माणसाचा,
तोही तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा.
शब्द ओठापर्यंत यायचे आणि माघारी फिरायचे,
उसने मागायला आलेला पाहुणा
चहा पिऊन नुसताच उठतो तसे.

एकच ओळ, अठरा वेळा. आम्ही मोजली.
तिच्यातला एक शब्द मी
रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिला:
वेट.

"वजन," दस्तगीर म्हणाला. "उघड हाय की.
कायतरी उचलून चाललाय ह्यो,
आन् खाली ठेवायला जागा न्हाई."
"थांब," मी म्हणाले.
"तो कुणाला तरी थांब म्हणतोय."
आमच्या लिपीत दोन्ही एकच,
भांडण मिटायची सोयच नव्हती.

मी थांब का ऐकलं, हे त्यानं विचारलं नाही.
त्या वर्षी माझी पत्रिका
निपाणी, जयसिंगपूर, इचलकरंजी फिरून
परत यायची, कोपऱ्यातलं कुंकवाचं बोट
दर खेपेला थोडं फिकट.
त्यानं वजन का ऐकलं, हे मीही नाही.
थोरल्या भावाच्या बुडालेल्या दुकानाचे हप्ते
याच्या पगारातून जायचे.

आण्णाप्पा मोल्डरना एकदा ऐकवलं.
भट्टी ऐकावी तसं डोळे मिटून ऐकलं त्यांनी.
"ह्यो माणूसच न्हवं," म्हणाले,
"कुठलंतरी बेअरिंग गेलंय. ग्रीस घाला."
तोही अर्थ लिहून ठेवला. तीन नंबर.

एकदा मी चिडून म्हटलं, मग या गाण्याचा गाभा तरी काय?
दस्तगीर हसला. हाताची वाळू झटकली.
"गाभा म्हंजे आतली मोलाची वस्तू, असं तुमचं.
आमच्यात गाभा वाळूचा.
त्याच्याभोवती लोखंड वतायचं,
गार झालं की ठोकून गाभा झाडून टाकायचा.
ऱ्हाती ती पोकळी.
पंप चालतो त्यो पोकळीवर."
मी विचारणार होते, मग ओतायचं कुणी,
तेवढ्यात भोंगा झाला.

एकोणीसच्या ऑगस्टात हायवे पाण्याखाली गेला.
काटा बंद, फौंड्री थंड.
शाहूपुरीत आमच्या गल्लीत पाणी कमरेला लागलेलं.
आईच्या इन्सुलिनचा डबा डोक्यावर धरून
मी पायानं रस्ता चाचपत निघाले,
गटाराचं कुठलं झाकण कायमचं उघडं असतं
ते आठवत,
आणि का कोण जाणे, डोक्यात ती ओळ.
एक ठोका, एक पाय.
एक ठोका. पाय सापडेना. मग सापडला.

छापील शब्द फार नंतर मिळाले.
दस्तगीर तोवर चाकणला गेलेला.
त्यानं फोटो पाठवला, खाली नुसतं "बघ".
वजन नव्हतं. थांबही नव्हतं.
पाण्यातून पाय ओढत चालण्याला
त्यांच्याकडे एक आखूड शब्द आहे, तो होता.
मी तो आपल्या अक्षरांत लिहून बघितला:
वेड.

रजिस्टर अजून आहे, पुराच्या पाण्यानं फुगून दुप्पट झालेलं.
चुकीचे अर्थ खोडावेत म्हणून पान उघडलं.
पलीकडची शाई इकडे उमटलेली,
पंप हाउसिंग, बावीस किलो चारशे,
नेमकी "थांब"वर.
राहू दिलं.
खरं सांगायचं तर
मला अजून आण्णाप्पांचं बेअरिंगच पटतं.