बावीस डी, ई, एफ

बाबांनी कुर्ल्याच्या भंगारातून आणली
विमानातली तीन सीटांची रांग.
अकराशे रुपये, आणि हातगाडीवाल्याला चहा.
कलिन्याच्या आमच्या खोलीत
ती आडवी शिरेना, उभी वळेना.
शेवटी शेजारच्या फ्रान्सिसने दाराच्या चौकटीची पट्टीच काढली.
ती अजून बसवायची राहिलीय.

सोफा घेतला, असं आई सगळ्यांना सांगायची.
रात्री तो माझा पलंग.

मधले हात दोन. एक वर जायचा,
दुसरा गंजून ठार बसलेला.
त्याच्याखालून पाय घालावेत तर गुडघे अडकत,
वरून टाकावेत तर पोटऱ्यांना मुंग्या.
बरगडीखाली पट्ट्याचं बक्कल,
उशाशी इवलीशी राखदाणी,
तिच्यात आईच्या सेफ्टी पिना,
आणि कापडाला
कुणाकुणाच्या लांबच्या प्रवासाचा शिळा वास.

भिवामामा देवरुखहून आला
की मान म्हणून त्याला ती जागा.
सकाळी मान धरून उठायचा.

बाबा धावपट्टीच्या कडेचं गवत कापायचे, ठेक्यावर,
एकोणीस वर्षं.
विमानात चढले नाहीत कधी.
रात्री पत्रा थरथरला
की झोपेतच पुटपुटायचे,
"उतरलं." नाहीतर, "उडालं."
चुकले नाहीत म्हणे एकदाही.
तपासणार कोण?

काल सहारहून निघताना
माझ्या शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या.
नंबर लागायला अजून अवकाश आहे, असं कॅप्टन म्हणाला.
हात उचलून पाहिले. दोन्ही वर गेले,
कुरकुर न करता.
बूट काढले, शाल ओढली, आडवा झालो.
ऐसपैस.

झोप येईना.
बऱ्याच वेळाने कळलं,
पाय मी वाकडे घेतलेत,
गुडघे पोटाशी, टाचा काठाबाहेर,
इथे नसलेल्या त्या हाताला
वळसा घालून.

तेवढ्यात हवाईसुंदरी आली:
उठून बसा, पट्टा बांधा.
बांधला.
खिडकीत निळे पत्रे, पाण्याच्या टाक्या,
एका गच्चीवर विसरलेलं वाळवण,
मग सगळं तिरकं.

खाट घेऊन दिली तरी
बाबा आता त्या रांगेवरच झोपतात.
त्यांनी कूस बदलली असेल.
काय म्हणाले,
ते फोनवर विचारायचं राहून गेलं.