काच बुडाकडून वाचावी

शुक्रवारी अल-राईच्या बाजारात
पत्र्याच्या भोकांतून ऊनसुद्धा चिल्लर होऊन पडतं.
कुणाच्या तरी दिवाणियाची अख्खी मांडणी सतरंजीवर आलेली:
कॉफीची चोचवाली किटली, अत्तरदाण्या,
चावी हरवलेलं घड्याळ,
आणि त्यांच्यात आडवा पडलेला
काचेचा, टेबलावर ठेवायचा लायटर.

मी लगेच हात लावत नाही.
आधी शेजारच्या इस्त्रीचा भाव विचारतो.
मुफज्जल सिल्हेटचा, मला पुरता ओळखून;
इस्त्रीवर हात ठेवून
भाव लायटरचाच सांगतो.
बारा दिनार.

वजन आधी. मुठीत आला की मनगटाला कळायला हवं.
मग गारवा. प्लास्टिक लगेच सलगी करतं,
काच वेळ घेते.
मग कडेकडेनं नख फिरवायचं.
साच्याची शिवण लागली
तर नमस्कार करून खाली ठेवायचा.

शिवण नाही.
हिरव्याच्या पोटात पिवळा, पिवळ्याच्या पोटात
उसाच्या काकवीचा रंग.
कुणी कुणात मिसळलेलं नाही,
एकानं दुसऱ्याला नुसतं गिळलंय.
आणि बुडबुडे. चुकून राहिलेले नव्हेत;
वितळत्या काचेवर कुणी
ठिपके मोजून रांगोळीला बसावं, तसे रांगेत.

मग उलटा करायचा.
‘काच बुडाकडून वाचावी,’ दादा म्हणायचे,
‘तोंड सगळ्यांचंच गुळगुळीत असतं.’
ओगलेवाडीला भट्टीवर होते ते,
कंदिलाच्या काचा फुंकायचे.
भट्टी विझल्यावर कितीतरी वर्षं
बशीतला चहा फुंकतानाही
त्यांचे गाल तसेच फुगत.

बुडाला घासून सपाट केलेली जागा, रुपयाएवढी.
तिच्यावर ओरखडे.
सगळे एकाच दिशेनं गेलेले असतील
तर तो सँडपेपर, वय नव्हे.
हे वाटेल तसे आहेत:
कुणीतरी इकडून सरकवलेला,
कुणीतरी तिकडून ओढून घेतलेला,
वीस-तीस वर्षं, बोलता बोलता.

लेबल सगळ्यात शेवटी.
चंदेरी, अर्धं फाटलेलं, मुरानोतलं ‘रानो’ तेवढं उरलेलं.
त्यावर मी विसंबत नाही, लेबल कुणालाही चिकटवता येतं.

पितळी कळ ओढून बाहेर काढली
तर तिच्यावर जपान.
हेही बरोबरच.
काच इटलीच्या बेटावरची, ठिणगी जपानची,
पेट्रोल इथलं.
साडेसात दिनारला सुटला.

मी विडीसुद्धा ओढत नाही.
खोलीतला थॉमसकुट्टी म्हणतो, अकरा झाले,
एकानं तरी मेणबत्ती पेटवलीस का?

रविवारी पहाटे साडेपाचला
मी रिफायनरीच्या फाटकावर ट्रे घेऊन उभा असतो.
सेफ्टी.
लायटर टाका, बिल्ला घ्या.
गुलाबी, जांभळे, शंभर फिल्सचे, पोटात दोन थेंब हलणारे.
संध्याकाळी बिल्ला द्या, लायटर घ्या.

काही जण परत येतच नाहीत.
मधल्या सुट्टीतच फायनल होतं,
बस थेट विमानतळावर.
बिल्ला खिशात जातो, लायटर खणात राहतो.
माझ्या खणात असे त्रेसष्ट आहेत.
हे कुणी जमवले म्हणायचे?

काल सवयीनं एक उलटा केला.
निळा. हलका. शिवण अंगठ्याला टोचेल इतकी ढोबळ.
बुडावर टाचणीनं कोरलेलं:
‘टेकबहादुर, पाल्पा.’
आमचीच अक्षरं, म्हणून वाचता आलं.
मचाण बांधायचा तो. मोज्यात लायटर लपवायचा,
मी दोनदा पकडला होता.

खिडकीतल्या अकरांच्या शेजारी
मी तो नेऊन ठेवलेला नाही.
खणातच आहे.
बिल्ला नंबर एक्केचाळीस.